शनिवारची व्याख्यानं

बोईसर,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. चिंतूस,

जिव्यादादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही इथे जसे असायचे तसेच आहोत. तू, हिरा आणि सलोनी कसे आहात ते लगेच कळव. मागच्या वेळेसारखं 'सर्व ठीक' एवढंच लिहून पाठवू नकोस. सर्व ठीक कधीच नसतं. काय ठीक नाही ते लिही.

फोनचा उपयोग नाही हे तुला ठाऊकच आहे. तू टेकडी चढून टाकीपाशी जातोस, कुणाचा तरी फोन मागतोस, ओरडतोस आणि माझ्या कानात नुसता वारा येतो. धीरज म्हणतो, बाबा, कानाचं यंत्र घ्या. शेजारच्याने घेतलंय, तो आता दिवसभर त्या यंत्राशीच भांडत असतो. त्यापेक्षा पत्र बरं. तू आश्रमशाळेत स्वयंपाक करता करता मास्तरांकडून अक्षर सुधारून घेतलंस, माझं सातवी नापासचं अक्षर तू लावून वाचतोस, तेवढं पुरे.

आता मुख्य गोष्ट. परवा सकाळी इथल्या खिडक्या वाजल्या. बोईसरमध्ये तावदानं वाजली की माणसं आधी कारखान्यांकडे बघतात, धूर कुठून निघतो ते. समोरच्या खोलीतला बिहारी फिटर हसत म्हणाला की चाचा, कुछ नहीं, किसी का बॉयलर होगा. पण मी सगळं आयुष्य कारखान्याच्या फाटकावर पहारा केलाय. बॉयलरचा आवाज कानावर येतो, हा पायातून वर आला. मी धीरजला म्हटलं, हा आपल्या खडकीपाड्याचा धक्का आहे, इथपर्यंत पोचलाय. तो म्हणाला, तुम्हाला चहाच्या कपातही खडकीपाडा दिसतो. त्याची बायको हेतल हसली. मला हसू आलं नाही. तुमच्याकडे एवढी वर्षं जमीन हलते आहे आणि कुणालाच काही वाटत नाही, हेच मला समजत नाही.

शनिवारी मी पालघरला गेलो होतो, जिवंत असल्याचा दाखला द्यायला. दरवर्षी नोव्हेंबरात जाऊन सांगावं लागतं की मी अजून मेलो नाही. येताना वाचनालयाच्या दारावर फलक दिसला. 'आपली भूमी. दर शनिवारी संध्याकाळी व्याख्यान. प्रवेश मुक्त, कोणीही यावे.' मी शिपायाला विचारलं, कोणीही म्हणजे कोण. तो म्हणाला, म्हणजे तुम्हीसुद्धा. म्हणून आत गेलो आणि ऐकू यावं म्हणून पहिल्या रांगेत बसलो.

सावे मॅडम म्हणून आहेत, उन्नती सावे. कॉलेजात दगडमातीचं शास्त्र शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. त्या पडद्यावर चित्रं दाखवतात, त्यामुळे मला निम्मं तरी कळतं. आपले डोंगर म्हणे तापलेल्या रसाचे थर आहेत, एकावर एक, भाकऱ्या रचाव्यात तसे. आणि खाली खडकाला जुन्या भेगा आहेत. त्या भेगा मधूनमधून सरकतात. मी हात वर करून विचारलं की मोठा धक्का कधी येणार. त्या म्हणाल्या, कुणालाच सांगता येत नाही. एवढं शिकून सांगता येत नाही म्हणजे काय? शेजारी सातपाटीचे कमलाकांत तांडेल बसले होते, जन्मभर होडीवर गेलेले. ते मला म्हणाले, अहो, समुद्र कधी खवळतो ते आमाला सांगता येतं का, तरी आमी मासे खातोच ना. त्यांना काय, त्यांचं घर हलत नाही.

चहा-बिस्किटं असतात, पण मी थांबलो नाही. गाडी चुकली तर काय करायचं? पुढच्या शनिवारी पुन्हा जाणार आहे. तिकडे किती धक्के बसतात, कसे बसतात, घराला कुठे चीर गेली आहे का, सगळं लिही. सलोनीला जवळ घेऊन झोपत जा.

उत्तराची वाट बघतो, आणि वाट बघायला लागलो की मला झोप लागत नाही, हे ध्यानात ठेव.

तुझा,
जिव्यादादा


खडकीपाडा, ता. डहाणू,
२७ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप दादास,

चिंतूचा पाया पडून नमस्कार. तुझं पत्र रामू पोस्टमनने खळ्यावर आणून दिलं. तो विचारत होता की दादा काय म्हणतो. मी म्हटलं, दादा आता पालघरला कॉलेजात जातो. त्याने सगळ्या पाड्यात सांगितलं. आता लोक मला विचारतात की परीक्षा कधी आहे.

काय ठीक नाही ते लिहायला सांगितलंस म्हणून लिहितो. काळी बकरी लंगडते. हिराचा गुडघा दुखतो. आमचा हितेश आणि सूनबाई दिवाळी झाली तशी वीटभट्टीवर मजुरी करून जगायला गेली, त्यांच्या सलोनीला आमच्याकडे ठेवून. ती पहिले दोन दिवस जेवली नाही, मग जेवली. भात यंदा चांगलं आलं. आणि जमीन हलते, ती हलतेच. आधी खालून ट्रक गेल्यासारखा आवाज येतो, मग मडक्यांची झाकणं वाजतात, मग काही नाही. पूर्वी आम्ही बाहेर पळायचो. आता बकऱ्यासुद्धा उठत नाहीत. हिरा म्हणते, भुईबाई कूस बदलते, तिलाही एका अंगावर पडून कंटाळा येत असेल.

तुझ्या बाईंना तारीख सांगता येत नाही म्हणतोस. आपला भगत तरी एक कोंबडं घेऊन तारीख देतो. ती चुकते ते सोड.

घराचं विचारलंस. हितेशने उन्हाळ्यात विटांची खोली बांधली ती तू पाहिलेली नाहीस. भट्टीवरच्या त्याच्या स्वतःच्या हातच्या विटा, त्यानेच आणल्या आणि त्यानेच आणि त्याच्या मित्रांनी रचल्या. मध्ये एक भिंत घालून दोन खण केलेत, वर पत्रा. आम्ही तिच्यात भात ठेवलंय आणि रात्री बकऱ्या बांधतो. झोपतो आपल्या जुन्या, कारवीच्या काठ्यांच्या कुडातच. हितेश चिडतो, म्हणतो मी माणसांसाठी बांधलं की बकऱ्यांसाठी. पण हिराला तिथे करमत नाही. तिचं म्हणणं, कुडाच्या फटीतून कोण येतंय ते चुलीपासून दिसतं, विटांच्या घरात आंधळ्यासारखं बसायचं. शिवाय दुपारी तापतं आणि पहाटे गारठतं.

तू उगाच काळजी करू नकोस. काळजी तू लहानपणापासून करतोस. आपण नदीवर जायचो तेव्हा तू काठावर बसून मी बुडतोय का ते बघायचास, त्यामुळे तुला पोहता आलं नाही.

धीरज आणि हेतलला आशीर्वाद. आमच्यावर माया आहेच, ती काळजीत खर्च करू नकोस.

तुझा धाकटा,
चिंतू


बोईसर,
८ डिसेंबर २०२४

चि. चिंतूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र वाचून मला हसू यावं म्हणून तू लिहिलंस हे समजलं. पण आज मी जे लिहितो ते हसण्यावारी नेऊ नकोस. हे पत्र हिरालाही वाचून दाखव.

काल व्याख्यानात मॅडमनी लातूरकडच्या भूकंपाची चित्रं दाखवली. आपण तेव्हा तरुण होतो, रेडिओवर ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. अख्खं गाव नव्हतंच रे. दगड आणि माती, माती आणि दगड. मॅडम म्हणाल्या, माणसांना भूकंपाने नाही मारलं, त्यांच्या घरांनी मारलं. जाड मातीच्या भिंती झोपेत अंगावर आल्या. एक म्हातारा त्या ढिगावर बसला होता, गुडघ्यांना मिठी मारून. मला वाटलं तो तूच आहेस. तुझ्यासारखाच, डोकीला फडकं बांधलेला.

पुढचं माझ्या कानात शिरलंच नाही. चहा झाला की अजून बोलणार होत्या, तांडेल म्हणाले थांबा, पण मी उठून स्टेशनवर गेलो. गाडीत मला एकच दिसत होतं, आपला कूड. बापाने बांधलेला, वर्षानुवर्षं शेणमातीने लिंपलेला. मातीचंच घर ते. आणि शेजारी तुमच्या मुलाने बांधलेलं पक्कं विटांचं घर, त्यात बकऱ्या झोपतात आणि माणसं मातीत झोपतात. हे कुणाला सांगितलं तर काय म्हणेल?

चिंतू, मी बापाच्या जागी आहे. बाप गेल्यावर मी तुला कधी काही आज्ञा केली नाही. लग्न तू ठरवलंस, मी आडवा आलो नाही. गाव सोडून माझ्याबरोबर बोईसरला चल म्हटलं होतं, तू आला नाहीस, मी रागावलो नाही. आता आज्ञा करतो. हे पत्र मिळेल त्या दिवशी तुम्ही तिघं विटांच्या घरात राहायला जा. आणि कूड मोडून टाक. तो उभा राहिला तर हिरा गुडघा शेकायला म्हणून परत त्यात जाईल, मला माहीत आहे. मोडलास की प्रश्न मिटला. मेढीचे खांब, वासे चांगले सागाचे आहेत, ते त्या घरात कुठे तरी लावून घे, म्हणजे बापाचं लाकूड वाया गेल्यासारखं वाटणार नाही.

हिराला सांग, मोठ्या दिराने हात जोडून सांगितलंय. एवढं केलंस की मला पत्र टाक. तोवर मी जेवतो, पण जेवल्यासारखं वाटत नाही. हेतल म्हणते, बाबांना व्याख्यानाची बाधा झालीय, भगताला दाखवा. म्हणू दे.

माझं ऐकशील असं धरून चालतो.

तुझा,
जिव्यादादा


खडकीपाडा,
२४ डिसेंबर २०२४

तीर्थरूप दादास,

चिंतूचा नमस्कार. तू सांगितल्याप्रमाणे केलं.

पत्र आलं त्या दिवशी काही केलं नाही, खोटं कशाला सांगू. दोन-तीन दिवस ते मेढीला खोचून ठेवलं होतं. मग हिराच म्हणाली की आता उठा. तिने तुझ्यासमोर कधी तोंड उघडलं नाही, डोक्यावरचा पदर सरकू दिला नाही, तर तुझा शब्द ती मोडणार होय? भगताला बोलावलं, कणसरी देवीची टोपली आधी नव्या घरात नेली, मग चूल, मग माणसं. बकऱ्यांना काही कळेना, त्या दारात उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या की तुम्ही इथे कसे.

कूड मोडायला फार वेळ लागला नाही. मला वाटलं होतं चार गडी लागतील. शेजारचे दोघे आणि मी. वेताचे बंध कापले, भिंत एका बाजूने ओढली, तशी अख्खी चटईसारखी खाली आली, एवढी हलकी. सलोनी त्या भिंतीवर नाचली. सुकी कारवी रोज पाणी तापवायला जाळतोय. बापाने मेढीवर पाडलेल्या खुणा निघाल्या, तुझी आणि माझी उंची. तू माझ्यापेक्षा बोटभरच उंच होतास, उगाच मोठेपणा करायचास.

सागाच्या मेढी आणि वाशांचा आतल्या खणात माळा केला. एक टोक बाहेरच्या भिंतीत, एक मधल्या भिंतीवर. सगळं भात आता माळ्यावर. माणसं खाली झोपायची तर पोती कुठे ठेवणार? चांगला भक्कम माळा झालाय. मी वर चढून उड्या मारून पाहिल्या. हिरा खालून ओरडत होती की म्हातारपणी पोरासारखं करू नका.

हितेशला निरोप गेला, तो खूश आहे. लिंपायला भिंती नाहीत म्हणून हिराने अंगणच दोनदा सारवलं. सलोनीला विटांवर खडूने चित्रं काढता येतात. तुला जेवल्यासारखं वाटावं म्हणून हे सगळं सविस्तर लिहिलं.

आता तरी झोप. आणि बाईंना सांग की खडकीपाड्यातलं एक घर तुमच्या व्याख्यानामुळे पक्कं झालं. आमच्यावर नजर अशीच राहू दे.

तुझा धाकटा,
चिंतू


बोईसर,
५ जानेवारी २०२५

चि. चिंतूस,

पत्र मिळताच आधी माळ्यावरचं सगळं भात खाली उतरव. मग पुढे वाच.

उतरवलंस का? बाहेर ठेव, ताडपत्री टाक, उंदीर खाऊ देत. आणि तुम्ही कुणी आत झोपू नका. थंडी असेल तर अंगणात शेकोटी कर, मांडव घाल, पण आत नको. पोरीला दिवसाही आत खेळू देऊ नकोस.

तुझं पत्र मी काल व्याख्यानाला बरोबर नेलं होतं. मला ते मॅडमना दाखवायचं होतं. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, त्या ते सगळ्यांना वाचून दाखवतील. म्हणून काल पहिल्यांदा मी चहाला थांबलो. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं. चेहरा आधी हसरा होता. मग त्यांनी चष्मा काढला आणि मला खुर्चीवर बसवलं. विचारलं, भिंत किती जाड आहे, एका विटेची की अर्ध्या. कोपऱ्यांत खांब आहेत का, लोखंडाच्या सळ्या घातल्यात का, भिंतींवरून सगळीकडून फिरणारा काँक्रीटचा पट्टा आहे का. मी म्हटलं, मी ते घर पाहिलेलंच नाही. मग त्यांनी विचारलं की माळ्यावर किती भात आहे.

त्या दिवशी मी उठून गेलो त्यानंतर त्यांनी दुसरी चित्रं दाखवली होती. तांडेलांनी ती पाहिली होती. त्यात आपल्यासारखा कूड होता, चिंतू. विणलेल्या काठ्यांचा, वरून पातळ लिंपलेला. मॅडमनी सांगितलं होतं की हे घर हलकं आहे, ते डोलतं, आणि पडलंच तर अंगावर चटई पडते, डोंगर पडत नाही. जड दगडमातीची भिंत वेगळी आणि हे वेगळं. आणि नुसत्या रचलेल्या विटा, वर ओझं, ते सगळ्यात वाईट. हे सगळं चहानंतर झालं. तांडेल म्हणाले, मी तुमाला थांबा म्हटलं होतं, तुमी गाडीच्या मागे लागले. त्यांच्यावर रागवायलाही तोंड नाही मला.

मॅडमना वाईट वाटलं ते दिसत होतं. त्यांनी हितेशचा नंबर मागितला. फोन बंद आहे. तुमच्या टाकीजवळच्या माणसाचाही लागत नाही. धीरजला म्हटलं, आत्ताच्या आत्ता जा. त्याची आज पाळी आहे, सुट्टी मिळत नाही, तो येत्या रविवारी मोटारसायकलने जातो म्हणाला. मी म्हटलं मी एसटीने जातो, तर हेतल दारात उभी राहिली, म्हणाली ताप उतरला नाही अजून, कुठे पडलात तर कोण बघणार. मला दोन दिवस कणकण आहे. मी बसलो खाली. म्हणून हे पत्र. उद्या सकाळी पोस्ट उघडलं की स्वतः टाकीन.

चिंतू, मागची आज्ञा रद्द झाली असं समज. ही ऐक. भात खाली घे.

जिव्या


बोईसर,
२२ जानेवारी २०२५

चि. चिंतूस,

आशीर्वाद लिहायला हात उचलवत नाही, पण दुसरं काय लिहायचं ते शाळेत शिकवलं नव्हतं.

मी पोचलो. धीरजने दारापर्यंत आणून सोडलं. तुझ्याकडे एवढे दिवस राहिलो, हिराचं सगळं होईपर्यंत, आणि तुझ्याशी धड दोन वाक्यं बोललो नाही. तूही बोलला नाहीस. लोक होते म्हणून असं नाही. लोक नसते तरी मला काय बोलता आलं असतं?

धीरज निघायचा तो रविवार उजाडायच्या आधीच आलेला तो धक्का मोठा नव्हता म्हणे. पाड्यात सगळे हेच सांगत होते. शेजारच्यांचं गाडगंसुद्धा फुटलं नाही. बकऱ्या उठल्या नाहीत. सकाळची वेळ, तू शेतावर, सलोनी अंगणात दात घासत होती. हिरा माळ्यावरचं दळणाचं भात काढायला आतल्या खणात गेली, आणि मधली भिंत सरळ बसली खाली, माळ्यासकट. विटा, भात आणि आपल्या बापाच्या मेढी. मी आलो तेव्हा तुम्ही तिला बाहेर घेतलं होतं. तिच्या केसांत भाताचे दाणे होते. बायका ते वेचत होत्या आणि सुपात टाकत होत्या. कशाला वेचत होत्या? मला ते विचारायचं होतं. हितेश आला आणि पडलेल्या विटा एकावर एक रचत बसला. अखंड एका बाजूला, फुटक्या एका बाजूला. त्याला कुणी उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी रामू पोस्टमन आला. त्याने माझ्यादेखत माझं पत्र तुझ्या हातात दिलं. तू अक्षर ओळखलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि न उघडता खिशात घातलंस. मी पुढचे सगळे दिवस तुझ्या त्या खिशाकडे बघत होतो. मागून घ्यावं असं वाटलं. तुला वाटेल दादाने वेळेवर सांगितलं होतं, पोस्टाने उशीर केला. तसं नाही. वेळ माझ्यामुळेच गेली.

तू मला शिवी दिली असतीस तर मी घरी येऊन झोपलो असतो. तू मला निघताना भाकरी बांधून दिलीस. ती मी खाल्ली नाही, हेतलने शेवटी टाकून दिली.

कमलाकांत तांडेल परवा घरी आले होते. सुके बोंबील घेऊन आले. जाताना म्हणाले की मॅडम विचारत होत्या, शनिवारी याल का. मी सांगितलं, पुन्हा त्या वाचनालयाची पायरी चढणार नाही. सातवी नापास माणसाने आपल्या पायरीने राहावं. अर्धं ऐकायचं आणि अख्खं सांगायचं, हेच माझ्याकडून झालं. इथे खिडकी वाजली तरी मी आता उठत नाही. वाजू दे. पडू दे. माझ्या डोक्यावर पडायचं ते तिच्या डोक्यावर पडलं, आता माझ्या काळजीने कुणाचं काय राहणार आहे?

तुला एकच सांगायचंय. यापुढे माझं काहीही ऐकू नकोस. मी काहीही लिहिलं तरी करू नकोस. पत्र उघडूही नकोस, वाटलं तर.

माया ठेव असं लिहायची पद्धत आहे. मी मागत नाही.

जिव्या


खडकीपाडा,
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप दादास,

चिंतूचा नमस्कार.

तुझी दोन्ही पत्रं वाचली. खिशातलं तू गेल्यावर उघडलं. 'आधी भात उतरव, मग पुढे वाच' असं लिहिलं होतंस, तेव्हा उतरवायला काही नव्हतं, म्हणून सरळ पुढे वाचलं.

मला तुझा राग आला. अजून आहे. तुझ्यासमोर बोललो नाही कारण बोललो असतो तर थांबलो नसतो. सकाळी उठलो की पहिला राग येतो, मग सलोनीची वेणी घालायची असते. मला वेणी येत नाही. ती रडते. राग तेवढ्यापुरता बाजूला ठेवावा लागतो.

तुला एक लिहिलं नव्हतं ते लिहितो. कूड मोडायच्या आधी हिराची इच्छा नव्हती. मी तिला म्हटलं, तुला नको तर नको, दादाला मी कळवतो काहीतरी. त्यावर ती म्हणाली, "जेठांनी सांगितलंय म्हंजे नीट विचारूनच सांगितलं असंल. आपल्यासाटी कोन जातंय ओ येवड्या लांब विचारायला?" हे तुला दुखवायला लिहीत नाही. मला एकट्याला ते बाळगता येत नाही, म्हणून लिहितो.

आता इकडचं. पाड्यात अजून पाच जणांची विटांची घरं आहेत. हितेशच्या घरासारखीच, हितेशच्याच मित्रांनी रचलेली. आमची भिंत पडली तेव्हापासून त्या घरांत कुणी झोपत नाही. सगळे अंगणात. पहाटे दंव पडतं, म्हाताऱ्यांना खोकला लागलाय, चंद्रकांताचं तान्हं बाळ दोनदा डहाणूला दवाखान्यात नेलं. मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं, कूड चांगला म्हणून. त्यांचे कूड त्यांनीही कधीच मोडलेत. नवे बांधायचे तर कारवी आणायला, मेढी रोवायला तरणी माणसं लागतात, ती सगळी जगायला गेलीत, होळीला येतील. हितेशही परत गेला. तोवर करायचं काय हे इथे कुणाला माहीत नाही.

रोज संध्याकाळी ते माझ्याकडे येऊन बसतात. मी सांगितलं की दादाने व्याख्यानाला जाणं सोडलं. सांगितलं की त्याचं ऐकून माझी बायको गेली. ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. तरी येतात. म्हणतात, तुझ्या भावाला लिही, त्याने बाईंना विचारावं की या भिंतींना आता बाहेरून काही आधार देता येतो का, का पाडूनच टाकायच्या. पाडायच्या तर कशा, की कुणाच्या अंगावर येणार नाहीत. पत्रा तसाच ठेवून खाली कुडाच्या भिंती चालतील का. बाईंना इथे येऊन बघता येईल का, हेही विचारायला सांगितलंय. बैलगाडी लागली तर ते आणतील.

मी त्यांना म्हटलं, तो चुकतो. ते म्हणाले, चुकू दे, दुसरं कोण आहे?

मी तुला जा म्हणत नाही. जाऊ नको असंही म्हणायला जीभ वळत नाही. पत्र उघडू नकोस म्हणालास, तेही जमणार नाही, ते आता माझ्या एकट्याच्या नावाने येत नाही. रामू पोस्टमन दिसला की सगळा पाडा उठून उभा राहतो.

शनिवारी गेलास तर शेवटपर्यंत बस. अर्धं लिहू नकोस. बाई म्हणाल्या की माहीत नाही, तर माहीत नाही असंच लिही.

तोवर आम्ही सगळे बाहेर आहोत.

तुझा,
चिंतू